बदकं मोजून पोट भरतं का?

प्रश्न : मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पक्ष्यांचं वेड आहे. अमेरिकेत शिकाऱ्यांच्या पैशांतून पाणथळ जागा राखतात, हे वाचून चक्रावले. बंदूक हातात धरायची नाही, पण हे अर्थकारण शिकायचंय. बाबा म्हणतात, बदकं मोजून कुणाचं पोट भरतं? जीवशास्त्राकडे वळू की अर्थशास्त्राकडे?

उत्तर : अर्थशास्त्राकडे. आणि बाबांना सांग, बदकं मोजून पगार घेणारी माणसं खरोखर आहेत. १९५५ पासून जवळपास दर मे महिन्यात अमेरिका आणि कॅनडाची पथकं छोट्या विमानांतून, जेमतेम शे-दीडशे फुटांवरून, बदकं आणि तळी मोजतात. वरून सगळी दिसत नाहीत, म्हणून काही पट्टे जमिनीवरूनही मोजून आकडा दुरुस्त करतात. ही दुरुस्ती तुझ्याच विषयातली.

पण खरी गाठ पैशांत आहे. अमेरिकेतल्या डकोटापासून कॅनडातल्या सस्कॅचेवानपर्यंत हिमनद्यांनी मागे ठेवलेली लाखो डबकी आहेत. खंडातली निम्मी किंवा त्याहून जास्त बदकं तिथं जन्मतात. शेतकऱ्याला मात्र ते डबकं म्हणजे कटकट : रुंद यंत्राला दर खेपेला वळसा, डिझेल जास्त, बी दुबार पडतं. चर खणला की शेत सरळ. त्याच्या डबक्यात वाढलेलं बदक हिवाळ्यात दूर दक्षिणेला लुइझियानातल्या शिकाऱ्याच्या वाट्याला येतं, शेतकऱ्याला छदाम नाही.

म्हणून १९३४ पासून शिकाऱ्यांसाठी ‘डक स्टॅम्प’ नावाचं तिकीट आहे; त्याच्या पैशांतून पाणथळ जागा राखतात. तेव्हा एक डॉलर, आता २५; सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला ते घ्यावंच लागतं. १९५८ पासून या पैशांतून छोट्या डबक्यांचे करारही होतात. शेतकऱ्याला एकरकमी पैसे मिळतात, जमीन त्याचीच राहते, पण डबकं कायमचं उपसायचं नाही, बुजवायचं नाही, सपाट करायचं नाही, जाळायचं नाही. आपोआप आटलं तर पेरायला मोकळीक. (असा एखादा करार मिळवून वाच. मला तरी पाठ्यपुस्तकापेक्षा त्यातून जास्त कळलं.)

डबक्याची किंमत ठरवायची कशी? हॅमक आणि ब्राउन या अर्थशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या अभ्यासात शिकाऱ्यांना विचारलं होतं : शिकारीचा हक्क टिकवायला किती मोजाल? सरासरी २४७ डॉलर. आणि सोडायला किती घ्याल? १,०४४! हक्क तोच, माणसं तीच. वहीत कोणता आकडा मांडायचा, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. हे वाचून तुझी झोप उडाली, तर हे क्षेत्र तुझं आहे.

शिकारीचा मोसम किती सैल ठेवायचा, हेही १९९५ पासून गणितानं ठरतं. मॅलार्ड बदकं किती आणि कॅनडात तळी किती, यावर. टिपलेलं बदक नाहीतरी मेलंच असतं का, यावर मतभेद आहेत. म्हणून परस्परविरोधी प्रारूपांना वजनं देतात आणि पुढच्या मोजणीनं ती बदलतात. ही बेजच्या प्रमेयाची रीत, तुला माहीत असेलच.

आता व्यवहाराचं. कृषी व नैसर्गिक संसाधन अर्थशास्त्राचे विभाग मेरिलँड, यूसी डेव्हिस अशा विद्यापीठांत आहेत. या वर्षात सूक्ष्म अर्थशास्त्र पक्कं कर, परिसंस्थाशास्त्राचा एखादा कोर्स घे. असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करून मिळणारं विद्यावेतन) मिळाल्याशिवाय कर्ज काढून जाऊ नकोस. अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकऱ्या बहुतेक नागरिकांनाच मिळतात. तुझ्यासाठी विद्यापीठं, संस्था, सल्लागार कंपन्या.

बंदूक नको, ठीक. शिकाऱ्यांशी बोलावं मात्र लागेल. १९७० च्या दशकात वर्षाला वीस लाखांवर तिकिटं खपायची, आता साधारण पंधरा लाख. पक्षी नुसते बघणाऱ्यांवर सक्ती नाही. मग तिजोरी कोण भरणार? प्रबंधाला विषय हाच घे.

बदकांच्या संख्येचे वार्षिक अहवाल अमेरिकेची मत्स्य व वन्यजीव सेवा फुकट देते. त्यातला मॅलार्डचा तक्ता घे, तळ्यांच्या आकड्यांशेजारी मांड, आलेख काढ. प्राध्यापकांना अर्जाआधी ईमेल करशील, त्याला तो जोड.