आईबाबांच्या लग्नाचा 50 वा वाढदिवस, गोव्यात आणि तोही मे महिन्यात: आखणी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की पुढच्या मे महिन्यात आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतात, घर फोंड्याजवळ आहे, 80 माणसं धरली आहेत, त्यांतली काही मुंबई-पुण्याहून येणार, तर पूजा, सत्कार आणि जेवण एका दिवसात कसं बसवायचं. माझ्या मते सगळी आखणी एकाच गोष्टीवरून करा: पंचाहत्तरीच्या आसपासच्या दोन माणसांना सलग किती तास बसवेल, हसवेल, बोलवेल? उत्तर साधारण पाच तास, आणि तेही सकाळचे. हॉल, स्वयंपाक, भाषणं त्यावरून ठरवा.

आधी दिवस. तारीख धरायची की तिथी, हा वाद घरात होणारच. तिथी आणि तारीख दर 19 वर्षांनी जवळजवळ जुळतात. 50 व्या वर्षी त्या जुळत नाहीत. तिथी तारखेच्या साधारण 12 दिवस आधी किंवा अधिक महिन्यामुळे 17-18 दिवस नंतर येते. म्हणून लग्नपत्रिका काढा, तिथी पंचांगात बघा, आणि त्या दिवशी घरातल्या घरात देवाला नारळ ठेवून नमस्कार करा. मोठा कार्यक्रम तारखेजवळच्या रविवारी. दोन्ही पक्ष सुखी राहतात आणि पाहुण्यांना रजा काढावी लागत नाही. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात कोकण रेल्वेच्या गाड्या लगेच भरतात, तेव्हा बाहेरच्यांना तारीख किमान तीन महिने आधी कळवा. फोंड्याला येणाऱ्यांनी करमळी किंवा मडगावला उतरावं.

संध्याकाळचा विचार सोडा. मे महिन्यात वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतरच येतो, विजा कडाडतात आणि लाईट जाते. शिवाय उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावता येत नाही, म्हणजे उशिरा सुरू झालेला कार्यक्रम ऐन रंगात बंद करावा लागतो.

देवस्थानाचा हॉल घेणार असाल तर स्वतः जाऊन चार गोष्टी बघा. पायऱ्या किती, आणि कठडा आहे का. कमोड असलेलं शौचालय हॉलपासून किती पावलांवर आहे. जनरेटर आहे असं सांगतील, पण त्यावर पंखे चालतात की फक्त दिवे, हे मेन स्विच बंद करायला लावून बघा. मे महिन्यातल्या दमट हवेत पंखे बंद पडले की म्हातारी माणसं अर्ध्या तासात कासावीस होतात. आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) खोल्या त्याच दिवशी मोकळ्या आहेत का, हेही विचारून ठेवा. देवळाच्या हॉलमध्ये मासळी, अंडं, दारू चालत नाही. बेबिंकात (गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थात) अंड्याचा बलक असतो, तेव्हा गोड म्हणून तो आणू नका, दोदोल (गूळ-नारळाचा हलवा) चालतो. केक हवाच असेल तर बिनअंड्याचा, आणि क्रीमचा नको. मे महिन्यात क्रीम अर्ध्या-पाऊण तासात ओघळतं, आणि कापताना फोटोत तेवढंच दिसतं.

पूजेचा भाग मला सगळ्यांत नाजूक वाटतो. सत्यनारायण कथेसकट दीड तास चालतो, आणि यजमान म्हणून दोघांना पाटावर बसवलं तर गुडघे उठू देत नाहीत. भटजींशी आठवडाभर आधी बोला. चौरंग टेबलावर मांडून दोघं खुर्चीवर बसू शकतात. नाहीतर मुलगा-सून पूजेला बसतात आणि आईबाबा संकल्पाला व आरतीला येतात. पूजा होईपर्यंत उपाशी राहण्याचा आईचा आग्रह असेल, पण मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सकाळी आठच्या सुमारास खाणं आणि गोळी, दोन्ही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे झालंच पाहिजे. हे भटजींच्याच तोंडून वदवून घ्या, आई त्यांचं ऐकेल.

वेळापत्रक असं ठेवा: साडेनऊला पूजा, अकराला आरती, सव्वाअकरा ते बारा सत्कार, सव्वाबाराला पहिली पंगत, अडीचला दोघं घरी. घुमट आरती (घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हणायची आरती) जरूर ठेवा, गोव्यातल्या घरच्या कार्याला तिच्याशिवाय शोभा नाही. पण बंद हॉलमध्ये घुमट, शामेळ (छोटा नगारा) आणि कासाळे (झांज) एकदम वाजले की कानाला मशीन लावणाऱ्यांना त्रास होतो. वादकांना एका कोपऱ्यात आणि त्या मंडळींना समोरच्या टोकाला बसवा. पंधरा मिनिटं पुरे.

सत्कारात तीनच जणांनी बोलावं, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि नावं आधी ठरलेली. 'कोणाला दोन शब्द बोलायचेत का' असं माइकवरून विचारलं की पाऊण तास गेला म्हणून समजा. त्यापेक्षा आईची ओटी भरा: साडी, खण, नारळ, तांदूळ आणि अबोलीची फाती (गजरा). म्हार्दोळच्या जाया (जाईची फुलं) मुख्यतः पावसाळ्यातल्या, मे महिन्यात त्यांचा हट्ट धरू नका. मग दोघांना एकमेकांची नावं घ्यायला सांगा. लग्नाला आलेल्यांपैकी आज कोण हयात आहे ते शोधा आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा. जुने फोटो चिकटवलेल्या अल्बममधून उपटू नका, कागदाचा थर निघतो. पान तसंच 600 डीपीआयवर स्कॅन करा, तीन इंची फोटो फूटभर मोठा करूनही नीट दिसतो.

आता जेवण, कारण लोक शेवटी तेच आठवतात. मे महिना म्हणजे आंब्याचं सासव (मोहरी-नारळाच्या वाटणातले आंबे) झालंच पाहिजे, घोटां (छोटे रायवळ आंबे) मिळाली तर उत्तमच. सासवातली मोहरी शेवटी आणि थोडाच वेळ वाटा, जास्त वाटली की कडू होते, आणि नंतर ते उकळायचं नाही. सोबत वरणभात, आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणक म्हणजे नारळाच्या वाटणातला रस्सा, एक सुकी भाजी, नीरफणसाच्या फोडी, पुरी, सोलकढी आणि मणगणं (चणाडाळीची गूळ-नारळातली खीर). यापुढे पदार्थ वाढवू नका, वाढपी गोंधळतात आणि पहिली पंगतच तासभर बसते.

80 माणसांना पुरीसोबत 8 किलो तांदूळ पुरतात. मणगण्याला दीड किलो चणाडाळ, 300 ग्रॅम साबुदाणा, अडीच ते तीन किलो गूळ आणि डझनभर नारळ. हे बिघडतं ते एकाच ठिकाणी: गूळ घातलेलं मिश्रण खळखळत असताना नारळाचा घट्ट रस ओतला की तो फुटतो. पातळ रसात शिजवा, आच बंद करा, मगच घट्ट रस घाला. सोलकढी 12 लिटर धरा, त्याला 14-15 नारळ लागतात. ती सकाळी सहाला करून ठेवली तर जेवणाच्या वेळेपर्यंत उतरते. नारळाचा रस बर्फात ठेवून हॉलवर न्या आणि आगळ (कोकमाचा खारा रस) पंगत बसण्याआधी अर्धा तास घाला, भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. प्रसादाला सव्वा किलोच्या मापात रवा, साखर, तूप पुरून उरतं.

केळीची पानं 105 सांगा, कारण दहा-पंधरा फाटकी निघतातच. ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. टेबलावर 40-40 च्या दोन पंगती, दर दहा जणांमागे एक वाढपी. आईबाबांना पहिल्या पंगतीत मधोमध बसवा. नाहीतर ते नमस्कार घेत उभे राहतात आणि दोन वाजता गार वरणभात जेवतात. हे काम एका भाचीला नाहीतर पुतण्याला नेमून द्या, त्याने त्या दिवशी दुसरं काही करायचं नाही. प्यायच्या पाण्याचे 20 लिटरचे पाच जार ठेवा.

माणसांचा आकडा कुटुंबागणिक फोन करून विचारा, आणि 'येताय ना?' असं न विचारता 'जेवायला किती जण?' असं विचारा. नक्की आकडा आचाऱ्याला आठ दिवस आधी द्या. वर दहा पानांचा अंदाज ठेवा, शेजारपाजारचे आरतीला येतात आणि त्यांना जेवल्याशिवाय पाठवणं आपल्याकडे शोभत नाही.

उरलेल्यापैकी पुऱ्या आणि सुकी भाजी डब्यांतून लगेच वाटून टाका. मणगणं थंड करून फ्रीजमध्ये गेलं तर दुसऱ्या दिवशी चालतं. तोणक, सासव आणि सोलकढी तीन वाजल्यानंतर कोणाच्याही हाती देऊ नका, मे महिन्यात ओला नारळ तेवढा वेळ टिकत नाही.