आरशापासून हातभर लांब

प्रिय मित्रा,

तुझं चार पानी पत्र वाचलं. तीन पानं नाकाबद्दलच आहेत, आणि शेवटी प्रश्न, "ताई, खरं सांग, वाकडं दिसतं ना?" याचं उत्तर मी देणार नाही. राग मानू नकोस. "नाही" म्हटलं तर तासभर बरं वाटेल आणि संध्याकाळी तू पुन्हा विचारशील. मीही आईला असंच विचारून विचारून भंडावून सोडलं होतं.

त्यापेक्षा मला सांग, दिवसाचे किती तास या नाकात जातात? आरसा, फोनचा कॅमेरा, गाडीच्या काचा, इतरांच्या नाकांशी तुलना, फोटोत कडेला सरकणं, सगळं धर. तासाच्या वर जात असेल, आणि त्यापायी कॉलेज, मित्र सुटायला लागले असतील, तर हा नुसता न्यूनगंड नव्हे. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दिसण्यातल्या एखाद्या दोषाच्या विचारानं मन व्यापून टाकणारा आजार, असू शकतो. 50 जणांत साधारण एकाला तो होतो, मुलग्यांनाही होतो, आणि बहुतेकदा 18 वर्षांच्या आतच सुरू होतो. एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचं वर्णन करून ठेवलंय. म्हणजे सेल्फीच्या कितीतरी आधी.

माझं गालावरच्या खड्ड्यांचं होतं. आरशाला नाक टेकेल इतकी जवळ जायचे. जेवताना चमच्याची पाठसुद्धा सुटायची नाही. एकदा परीक्षेला निघाले, चपला घातल्या, आणि शेवटचं एकदा म्हणून आत वळले. बाहेर आले तेव्हा पेपर सुरू होऊन तास झाला होता. घरच्यांना वाटलं, पोरगी नटण्यात रमली. मी आत रडत होते रे.

या आजारात नजर एका तुकड्यावर खिळते आणि सबंध चेहरा दिसेनासा होतो. जितकं निरखावं तितकी शंका वाढते. कडी लावली का हे दहादा पाहणाऱ्या माणसासारखंच. म्हणून तर आता याची गणना मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या गटात होते.

नाकाच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहेस, ती आधी पुढे ढकल. या आजारात अशा उपायांनी बहुतेकांचं समाधान होत नाही. मी गालांवर लेझर करून घेतलं, आणि महिन्याभरात हनुवटी खुपायला लागली.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिथे "उदास वाटतं" एवढंच सांगून परत येऊ नकोस. लाजेपोटी बरेच जण तसं करतात आणि मूळ दुखणं राहून जातं. नाकाचं, आरशाचं, तासांचं सगळं सांग. सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, यावर चांगली लागू पडते. तपासणं हळूहळू कमी करायचं, ज्या जागा टाळतो तिथे थोडं थोडं जायचं. मला आरशापासून हातभर लांब उभं करून केसांपासून पायांपर्यंत सगळं वर्णन करायला लावलं. "घाण", "विद्रूप" हे शब्द चालायचे नाहीत. रंग, आकार, एवढंच. गालावर न थांबता खाली सरकायला मला कित्येक आठवडे लागले. गरज वाटली तर डॉक्टर एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्यावरही देतात ती, औषधं देतात. पुरता फरक पडायला 12 ते 16 आठवडे लागू शकतात, डोसही कधी कधी नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा जास्त लागतो. औषधं आपल्या मनाने बंद करू नकोस.

आणि एक. पत्रात "असं जगून काय करायचं" असं लिहून खोडलं आहेस. मला ते वाचता आलं. या आजारात जीव नकोसा वाटण्याचा धोका खरोखर मोठा असतो. हे पत्र वाचून होताच घरातल्या कुणालातरी सांग, आज एकटा राहू नकोस, आणि विचार जोर धरू लागला तर वेळेची वाट न पाहता सरळ रुग्णालयात जा. मलाही फोन कर, कितीही वाजलेले असोत.

डॉक्टरांची वेळ मिळाली की कळव. आत जायला पाय उचलला नाही तर मी सोबत येईन, बाहेर बाकावर बसून राहीन.

तुझी,
ताई