बॅकअपची नोकरी म्हणजे कॉपी मारायचं काम नाही

पत्र बार्शीहून, एका वडिलांचं. मुलगा बीसीएस झालाय, ६३ टक्के. पुण्यात एका कंपनीच्या बॅकअप टीममध्ये, म्हणजे डेटाच्या जादा प्रती सांभाळणाऱ्या टीममध्ये, ट्रेनीची ऑफर आहे, महिना १८ हजार, नाइट शिफ्ट. वडील म्हणतात हे कॉपी मारायचं काम, त्यापेक्षा १ लाख ६० हजार भरून तीन महिन्यांचा हॅकिंगचा कोर्स करावा. सोबत मुलाच्या वहीतल्या दोन पानांचा फोटो, "हा असा वेळ घालवतो" म्हणून.

नमस्कार,

मार्कांचं मला काहीच वाटलं नाही. पण पत्रात "लोक विचारतात" हे चार वेळा आलंय आणि मुलगा काय म्हणतो ते एकदाही नाही, ते खटकलं. मेहुण्यांच्या मुलाचं पॅकेज तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि आपला मुलगा रात्री दोनपर्यंत जागून काय लिहितो ते न वाचताच तुम्ही फोटो काढून पाठवलात. मी वाचलं, दोनदा वाचलं.

वहीत एका चुकीचा अभ्यास आहे. मे २०२४ मध्ये व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या बॅकअप एंटरप्राइज मॅनेजरमधली एक चूक बाहेर आली, तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२४-२९८४९, धोक्याला १० पैकी ९.८ गुण. पासवर्ड माहीत नसलेला माणूस त्यात कुणाच्याही नावाने, अगदी अ‍ॅडमिनच्या नावानेही लॉगिन करू शकत होता. म्हणजे बाहेरचा माणूस टोकन, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, घेऊन येतो, सर्व्हर ते खरं की खोटं तपासतोही, पण कुठे विचारायचं तो पत्ता मात्र त्याच माणसाच्या रिक्वेस्टमधून उचलतो. मुलाने लिहिलंय, "वॉचमनने विचारलं कुणाकडे, तो म्हणाला जोशींकडे, हा घ्या त्यांचा नंबर, आणि वॉचमनने त्याच नंबरवर फोन लावला." खाली चित्र आहे, चोराचाच साथीदार फोन उचलून "हो, सोडा वर" म्हणतोय. अहो, इतकं स्वच्छ समजलेला मुलगा वेळ घालवत नाहीये, अभ्यास करतोय! आणि हे सगळं त्याने घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आतला नकली कॉम्प्युटर) टाकून केलंय हेही तिथे लिहिलंय, तेच बरोबर आहे, दुसऱ्याच्या सर्व्हरवर परवानगीशिवाय केलं तर आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६ लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता तो कॉपी मारायचा गैरसमज. रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारे, कंपनीत घुसले की आधी बॅकअप शोधतात, कारण बॅकअप शाबूत असेल तर कंपनी सगळं पुसून परत उभी राहते, खंडणी कशाला देईल. शिवाय बॅकअप सर्व्हरला सगळ्या मशीनवरून डेटा उचलायचा असतो, म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्याकडेच. वेरिटास कंपनीच्या बॅकअप एक्झेक या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनची एक जुनी पद्धत, जी कुणी वापरतही नव्हतं, बंद करायची राहून गेली होती. दुरुस्ती मार्च २०२१ मध्ये आली, आणि २०२२ च्या शेवटी ब्लॅककॅट या रॅन्समवेअर टोळीशी संबंधित एक गट त्याच वाटेने एका ठिकाणी शिरला, कारण तिथला सर्व्हर जुन्याच व्हर्जनवर आणि इंटरनेटला उघडा. दीड वर्षात कुणी पॅच, म्हणजे ती दुरुस्ती, टाकला नाही! हा पॅच वेळेवर टाकणं, बॅकअप सर्व्हर बाकीच्या नेटवर्कपासून वेगळा ठेवणं, घेतलेल्या बॅकअपमधून डेटा खरंच रिस्टोर होतो, म्हणजे परत मिळतो का ते करून बघणं, ही सगळी सिक्युरिटीच आहे आणि तुमच्या मुलाला हेच शिकायला पगार मिळणार आहे.

कोर्सचं स्पष्ट सांगते, भरू नका. ज्याने कधी खरा सर्व्हर सांभाळला नाही त्याला तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर कुणी आपली सिस्टीम तपासायला देत नाही. पुढे त्याला स्वतःला वाटलं तर सीडॅक या सरकारी संस्थेची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन तिथला सिक्युरिटीचा डिप्लोमा करता येतो का, ते पात्रता बघून ठरवू द्या.

काळजी करायचीच असेल तर १८ हजारात पुण्यात राहणं, रात्रपाळीचं जेवण, झोप याची करा. त्या १ लाख ६० हजारातून खोलीचं डिपॉझिट द्या, लॅपटॉपला रॅम वाढवून द्या, बाकीचे बँकेत राहू द्या.

ऑफरला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय असं तुम्ही लिहिलंय. तो मेल त्याला करू द्या, त्याच्या आयडीवरून, शेजारी बसून मजकूर सांगू नका. आणि ती दोन पानं आधी एकदा त्याच्याकडूनच समजून घ्या.