जुन्या ओम्नीच्या मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. डिफरन्शियल गेलंय की बेअरिंग?

तुमची ओम्नी 2009 ची आहे, ताशी 40 किलोमीटरच्या पुढे मागून घूंऽऽ सुरू होतं, वेगाबरोबर ते चढत जातं आणि गॅरेजवाला म्हणतोय की क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतली) मुख्य दातेरी जोडी, बदलावं लागेल, असं तुम्ही लिहिलंय. माझं पहिलं सांगणं असं की क्राऊन-पिनियनला आत्ताच हो म्हणू नका. हेच वाक्य मीही ऐकलं होतं आणि माझ्या गाडीत दोष निघाला डाव्या मागच्या चाकाच्या बेअरिंगचा.

माझी ओम्नी चिपळूणची. तिच्यातून मी बेकरीचा माल गुहागरच्या बाजूला पोचवतो. 22 जुलै 2021 च्या पुरात ती गल्लीतच उभी होती, चारही चाकं पूर्ण पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर इंजिन ऑइल बदललं, ब्रेक उघडून साफ केले, वायरिंग वाळवलं. मागच्या हाउसिंगमधलं, म्हणजे डिफरन्शियल आणि ॲक्सल ज्या लोखंडी कवचात असतात त्यातलं, तेल बघायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. दिवाळीच्या सुमारास आवाज सुरू झाला.

ओम्नीत आवाज कुठून येतोय हे कानाने ठरवणं फार अवघड असतं. इंजिन सीटखाली, मागे नुसता पत्र्याचा डबा. डावीकडचा आवाज उजवीकडे घुमतो, मागचा पुढे येतो. म्हणून गाडी चालवताना एकट्याने निदान करू नका. कुणाला तरी मागे, चाकाच्या कमानीजवळ बसवा आणि तुम्ही फक्त चालवा.

आधी आवाज इंजिनचा तर नाही ना, हे तपासा. मोकळ्या सपाट रस्त्यावर 50 चा वेग धरा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी तशीच घरंगळू द्या. हे उतारावर करू नका. इंजिन आयडलवर आलं तरी आवाज तसाच राहिला आणि वेग उतरेल तसा उतरला, तर तो चाकाबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. मग टायर, चाकाचं बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा लांब दांडा) आणि डिफरन्शियल एवढेच संशयित उरतात.

टायरची शंका फिटल्याशिवाय काहीही उघडू नका. आमच्याकडे हे सोपं जातं, कारण मुंबई-गोवा महामार्गाचं नवं काँक्रीट आणि आतले खडबडीत डांबरी रस्ते जवळजवळच आहेत. रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. तरी शंका असेल तर मागची चाकं पुढे आणि पुढची मागे लावून बघा. आवाजही पुढे गेला तर दोष टायरचा. आणखी एक हिशेब उपयोगी पडतो. 145 आर 12 टायरचा घेर साधारण 1.7 मीटर आहे, म्हणजे ताशी 10 किलोमीटरला चाक सेकंदाला दीड-पावणेदोन वेळा फिरतं. इतक्या हळू चालवताना धप-धप मोजता येत असेल, तर बहुधा टायरला टेंगूळ आलंय किंवा ब्रेकचा ड्रम वाकडा झालाय. बेअरिंगचं असं मोजता येत नाही, ते सलग गुणगुणतं किंवा घरघरतं.

आता डिफरन्शियल. क्राऊन-पिनियनचा आवाज ॲक्सिलरेटरला उत्तर देतो. पाय दाबला की एक सूर, सोडला की दुसरा, आणि मध्ये कुठेतरी तो नाहीसाच होतो. शिवाय पिनियन चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरतं, त्यामुळे त्याचा सूर बारीक, रडल्यासारखा असतो. चाकाचं बेअरिंग जाड आवाजात बोलतं आणि पाय दाबला-सोडला तरी जवळपास तसंच राहतं. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा फिरता सांधा) गेला असेल तर गाडी जागची निघताना खट् असा ठोका येतो आणि ठरावीक वेगाला फरशी थरथरते. तुमच्या वर्णनात ठोका नाही, थरथर नाही, आणि पाय सोडल्यावर आवाज बदलतो असंही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून माझा संशय बेअरिंगवर आहे.

डावं की उजवं, हे वळणावर कळतं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, डावीकडे वळताना उजव्यांवर. भार आलेलं खराब बेअरिंग जास्त ओरडतं. मोकळ्या मैदानात 25-30 च्या वेगाने इंग्रजी 8 च्या आकड्यासारखे मोठे आठ काढा. माझी गाडी उजव्या वळणाला मोठ्याने घुमायची आणि डाव्या वळणाला जवळजवळ गप्प व्हायची. मेकॅनिकला हे दाखवलं तेव्हाच तो ड्रम काढायला तयार झाला.

त्यानंतर गाडी उचलून खात्री करायची. इथे मनापासून सांगतो, घाई करू नका. ओम्नी मागच्या चाकांवर ओढते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. मागची दोन्ही चाकं वर गेली की गिअर आणि हँडब्रेक गाडी धरून ठेवायला निकामी होतात. ती थांबते फक्त पुढच्या चाकांना पुढून-मागून लावलेल्या ठोकळ्यांवर. नुसत्या जॅकवर विसंबू नका, ॲक्सलच्या हाउसिंगखाली दोन्ही बाजूंना स्टँड द्या आणि मग हँडब्रेक सोडा. इंजिन चालू करून चाकं फिरवायची गरज नाही, हाताने फिरवून पुरेसं कळतं.

गिअर न्यूट्रलला ठेवून चाक एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच बाजूच्या पाट्यावर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर), हाउसिंगजवळ टेकवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यातून बोटांना जाणवते, कानाला ऐकू येण्याच्या आधी. मग दुसऱ्या बाजूला तेच करा आणि तुलना करा. एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं किंवा शाफ्ट फिरतो, ते डिफरन्शियलमुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढे चाक वर-खाली हलवून खेळ, म्हणजे सैलपणा, बघा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्रेकच्या मागच्या प्लेटला लावून मूठ कानाशी धरली तरी फरक ऐकू येतो. गाडी चालवून आल्यावर कुठला ड्रम जास्त तापलाय हेही बघतात, पण ब्रेक शू घासत असले तरी ड्रम तापतो, त्यामुळे तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

काम कसं होतं ते माहीत असू द्या, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. हाउसिंगमधलं तेल काढायचं, चाक आणि ड्रम काढायचा, हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा पाइप सोडवायचा, प्लेटचे नट काढायचे आणि सरकत्या हातोडीने झटके देऊन ॲक्सल शाफ्ट प्लेटसकट बाहेर ओढायचा. बेअरिंग या शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं आणि ते सरकू नये म्हणून त्याच्यामागे एक लोखंडी रिंग, तीही दाबून बसवलेली. ही रिंग ग्राइंडरने दोन बाजूंनी पातळ करून छिन्नीने फोडतात. ग्राइंडर शाफ्टला लागता कामा नये. गॅसने शाफ्ट लाल करणारा कारागीर दिसला तर तिथेच थांबवा, तापवलेल्या शाफ्टचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो.

नवं बेअरिंग आणि नवी रिंग हायड्रॉलिक प्रेसवरच बसवून घ्या. जवळच्या लेथवाल्याकडे प्रेस असतो. बेअरिंग हातोडीने ठोकलं किंवा बाहेरच्या कड्यावर दाब देऊन चढवलं तर तो मार गोळ्यांमधून जातो, कड्यांवर बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्याभरात पुन्हा गुणगुणायला लागतं. दाब नेहमी आतल्या कड्यावर. जुनी रिंग परत वापरू नका. नवी रिंग हाताने सरकत चढली तर शाफ्ट झिजलाय, तो बदलायचा. काही ठिकाणी अशा वेळी रिंगला वेल्डिंगचे टाके मारून देतात. ते मुळीच करू देऊ नका. चाक शाफ्टला बोल्ट केलेलं असतं आणि शाफ्टला आत धरून ठेवते ती हीच रिंग. ती सुटली तर चाक, ड्रम आणि शाफ्ट सगळं एकत्र बाहेर येतं. तुमच्या गाडीत माणसं बसतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, कारण गॅरेजमध्ये ते बहुतेक वेळा राहून जातं. बेअरिंग का गेलं? माझ्या हाउसिंगमधून निघालेलं तेल दूध घातलेल्या चहासारखं होतं, म्हणजे पाणी मिसळलेलं. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी रिंगच्या) कडेने किंवा ब्रीदरमधून (हाउसिंगवरच्या हवा जाण्या-येण्याच्या छोट्या तोटीतून) पाणी आत ओढलं जातं. पूर नसला तरी पावसाळ्यात वहाळातून गाडी घालणाऱ्याच्या बाबतीत हेच होतं. उलटही घडतं. ब्रीदर चिखलाने बुजला तर तापल्यावर आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. ते तेल बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढतं आणि ब्रेक शूवर उतरतं. म्हणून ब्रीदर साफ करा आणि ऑइल सील दोन्ही बाजूंची बदला. तेलाने भिजलेले शू पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, नवेच घाला, तेही दोन्ही चाकांना, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढेल.

नवं तेल हायपॉईड गिअरसाठीचं, जीएल-5 दर्जाचं, भरायच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत भरा. काढलेल्या तेलात बोटाला लागतील असे लोखंडाचे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर मात्र तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं आणि डिफरन्शियल उघडायलाच हवं. ड्रेन प्लगवर नुसता करडा चिकट लेप असेल तर तो नेहमीच्या झिजेचा आहे.

बेअरिंग घेताना ‘ओम्नीचं द्या’ एवढंच म्हणू नका. जुन्या बेअरिंगच्या कड्यावरचा नंबर जुळवून, खात्रीच्या दुकानातून घ्या. 2019 मध्ये ओम्नी बंद झाल्यापासून हलका माल तिच्या नावाने खपवला जातो. दुसरी बाजू पाट्यावर हात ठेवून गुळगुळीत लागली, तर तिचं बेअरिंग बदलायची सक्ती नाही. मी उजवीकडचं ठेवलं आणि ते अजून चालतंय. पुरात बुडालेली गाडी असेल तर मात्र दोन्ही बदला असंच सांगेन. माझं उजवं वाचलं ते नशिबाने.

ब्रेकचा पाइप सोडलेला असल्यामुळे शेवटी ब्रेकमधली हवा काढायला लावा आणि पेडल कडक लागल्याशिवाय गाडी हलवू नका. 30 एक किलोमीटर चालवून चाकाचे नट पुन्हा आवळा, प्लेटच्या कडेला तेल पाझरतंय का ते बघा. तोवर, म्हणजे काम होईपर्यंत, गाडीत जड माल भरू नका, घाटात नेऊ नका. मैदानात आठ काढून झाले की आवाज कुठल्या वळणाला वाढला आणि तेल कुठल्या रंगाचं निघालं ते कळवा. त्यावरून पुढचं जास्त नेमकं सांगता येईल.