दिवाळखोरी मंजूर झाली, तरी बेलीफ दारात

दिवाळखोरीनंतरही चालू राहिलेल्या वसुलीबद्दल इंग्लंड आणि वेल्समधल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे असल्यामुळे तिथल्या वाचकांनी ही उत्तरे स्वतःला लावू नयेत.

प्रश्न : दिवाळखोरीचा आदेश निघून तीन आठवडे झाले. गेल्या वर्षीच्या कौन्सिल टॅक्सच्या (स्थानिक कौन्सिलच्या घरकराच्या) थकबाकीसाठी काल बेलीफ आला आणि चिठ्ठी टाकून गेला की पुढच्या वेळी कुलूप उघडणारा माणूस सोबत आणेन. आदेशानंतर हे सगळे थांबते ना?

उत्तर : थांबते. १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्टचे कलम २८५ सांगते की आदेश निघाल्यावर, दिवाळखोरीत मोडणाऱ्या देण्यासाठी कोणत्याही धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर किंवा तुमच्या मालमत्तेवर कारवाई करता येत नाही. कौन्सिलही धनकोच आहे. शिवाय गरजेच्या वस्तू सोडून तुमची बाकी मालमत्ता आता विश्वस्ताकडे, म्हणजे बहुधा ऑफिशियल रिसीव्हर या सरकारी अधिकाऱ्याकडे गेलेली असते. तिला बेलीफने हात लावणे म्हणजे रिसीव्हरच्या ताब्यातल्या मालात ढवळाढवळ करणे. बेलीफ कंपनीला लिहिताना हा मुद्दा अवश्य घाला.

मग तो आला कसा? आदेश तत्काळ लागू होतो, पण त्याची बातमी पायी चालत जाते. रिसीव्हर तुमच्या अर्जातल्या यादीप्रमाणे धनकोंना कळवतो. ते पत्र कौन्सिलच्या टपालात पडते, वसुली विभागाकडे जाते, तिथून बेलीफ कंपनीकडे आणि शेवटी दारोदार फिरणाऱ्या माणसाकडे. तोवर त्याच्या यादीत तुमचे नाव जसेच्या तसे असते. अर्जात फक्त कौन्सिलचा खाते क्रमांक लिहिला असेल आणि बेलीफ कंपनीचा वेगळा क्रमांक लिहायचा राहिला असेल, तर आणखी उशीर होतो.

म्हणून बातमी तुम्हीच पोहोचवा, आणि आजच. आदेशाची प्रत जोडून एकच ईमेल बेलीफ कंपनीला आणि कौन्सिलच्या वसुली विभागाला पाठवा. त्यात तुमचे नाव, आत्ताचा आणि थकबाकी झाली त्या वेळचा पत्ता, आदेशाची तारीख आणि क्रमांक, रिसीव्हरचे कार्यालय, कौन्सिलचा खाते क्रमांक आणि चिठ्ठीवरचा बेलीफचा क्रमांक असू द्या. मागण्या तीन करा : वसुली थांबवावी, खाते कौन्सिलकडे परत पाठवावे आणि तसे लेखी कळवावे. मग दोन्हीकडे फोन करा. बोलणाऱ्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवा. रिसीव्हरच्या कार्यालयालाही कळवा.

तो पुन्हा आला तर दार उघडू नका. आदेशाची प्रत टपालाच्या फटीतून बाहेर सरकवा किंवा खिडकीच्या काचेला लावून दाखवा. दाराची साखळी काढून ‘फक्त एक सही’ करायला जाऊ नका. कौन्सिल टॅक्स, पार्किंग दंड, क्रेडिट कार्ड यांसाठी बेलीफला घरात पहिल्यांदा शिरताना बळ वापरता येत नाही. उघड्या किंवा उघडलेल्या दारातूनच यावे लागते. एकदा आत येऊन त्याने वस्तूंची यादी केली आणि तुम्ही जप्तीच्या करारावर (वस्तू घरातच ठेवून हप्त्याने पैसे भरण्याच्या) सही केली, की करार मोडल्यावर तो नोटीस देऊन बळाने आत येऊ शकतो. कुलूपवाल्याची धमकी तुमच्या बाबतीत पोकळ आहे, मात्र असा करार तुम्ही पूर्वी कधी केलेला नसेल तरच. केला असेल तर त्याची तारीख आणि यादी रिसीव्हरला ताबडतोब कळवा; आदेशापूर्वी जप्तीत आलेल्या वस्तूंचे काय करायचे, हा प्रश्न आता रिसीव्हर आणि धनको यांच्यातला आहे.

पैसे अजिबात देऊ नका, ‘आजच्यापुरते पन्नास पौंड’ सुद्धा नाही. अर्ज केल्याच्या दिवसापासून मालमत्ता विश्वस्ताकडे जाईपर्यंत कोर्टाच्या संमतीशिवाय दिलेले पैसे कलम २८४ खाली रद्दबातल ठरू शकतात, आणि नंतर जो पैसा तुम्ही बेलीफला द्याल तो तुमच्या घरखर्चातून जाईल. बेलीफची फी मूळ देण्याला चिकटलेली असते. देणे दिवाळखोरीत गेले की तीही त्याच्याबरोबर जाते.

गाडीवर लक्ष ठेवा. घरात शिरता येत नाही तेव्हा बेलीफ रस्त्यावरच्या गाडीच्या चाकाला कुलूप घालतो. तसे झालेच तर त्याच्याशी हुज्जत न घालता रिसीव्हरला फोन करा. कामासाठी गाडी लागत असेल तर तेही सांगा. कामाची हत्यारे आणि वाहने जप्तीतून वगळताना बेलीफच्या नियमांत एकूण १,३५० पौंडांची मर्यादा आहे, दिवाळखोरीच्या कायद्यात अशी रकमेची मर्यादा नाही. वस्तू गरजेपेक्षा फार महाग असेल तर रिसीव्हर ती विकून स्वस्तातली घेऊन देऊ शकतो.

प्रश्न : अर्ज ऑनलाइन भरला, ६८० पौंडही भरले. अजून उत्तर नाही. या मधल्या दिवसांत संरक्षण आहे का?

उत्तर : आपोआप नाही. अ‍ॅडज्युडिकेटरला (अर्ज तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) निर्णयासाठी २८ दिवस असतात आणि आदेश निघेपर्यंत बेलीफचे हात मोकळे असतात. अर्ज पडून असताना कारवाई थांबवायचा अधिकार कोर्टाला आहे, पण तो मागावा लागतो. धनकोंना ‘अर्ज केला आहे’ एवढे कळवले तर बरेचजण थांबतात. थांबलेच पाहिजेत असे मात्र नाही.

ज्यांनी अजून अर्ज केलेला नाही त्यांनी क्रम बदलावा. आधी कर्ज सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ घ्यावा. मे २०२१ पासून ही सोय आहे : ६० दिवस बहुतेक देण्यांवरची वसुली, व्याज आणि बेलीफ थांबतात. तेवढ्यात अर्ज भरून आदेश हातात येऊ शकतो. ब्रीदिंग स्पेस बारा महिन्यांत एकदाच मिळतो, म्हणून पैशांची तयारी झाल्यावरच मागावा. नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस यांचा सल्ला मोफत आहे. ‘बेलीफ थांबवून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्या कंपन्यांकडे जायची गरज नाही.

या काळात गाडी घरापासून लांब लावा, पण ती भावाच्या किंवा मित्राच्या नावावर करू नका. ते रिसीव्हरच्या चौकशीत उघडे पडते, व्यवहार उलटवता येतो आणि तुमच्यावरचे निर्बंध वर्षांनी वाढू शकतात.

प्रश्न : माझ्याकडे दोन दंड आहेत, एक पार्किंगचा, एक वेगमर्यादेचा. बेलीफ म्हणतो दंड दिवाळखोरीत जातच नाहीत.

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि ही गल्लत बेलीफही करतात. कागदाच्या डोक्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. कौन्सिलने दिलेली पार्किंग किंवा बस लेनची नोटीस हे दिवाणी देणे आहे. तिचे वॉरंट नॉर्दम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमार्फत निघते. नियमभंग आदेशापूर्वीचा असेल तर ती दिवाळखोरीत जाते. वेगमर्यादेचा किंवा टीव्ही लायसन्सचा मॅजिस्ट्रेट कोर्टाने ठोठावलेला दंड मात्र जात नाही. तो आधीही द्यायचा होता, नंतरही द्यायचा आहे, आणि त्याच्या वसुलीला आलेल्या बेलीफला घरात बळाने शिरायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तिथे दार लावून बसणे हा मार्ग नव्हे. दंड वसूल करणाऱ्या कोर्टाच्या कार्यालयाला फोन करा, उत्पन्न आणि खर्चाचा तक्ता पाठवा, पेलवेल असा हप्ता मागा. दिवाळखोरीमुळे बाकी देणी गेली आहेत हे त्या पत्रात लिहा, म्हणजे हप्ता खरेच भरला जाईल हे त्यांना पटते.

मुलांच्या पालनपोषणाची रक्कम, विद्यार्थी कर्ज, फसवणुकीतून झालेली देणी आणि गुन्ह्यातल्या जप्तीचे आदेश हेही बाहेर राहतात. गहाणखताचा धनको घरावरचा हक्क सोडत नाही. हप्त्यावरची गाडी शेवटचा हप्ता भरेपर्यंत कंपनीचीच असते. एक तृतीयांश रक्कम भरून झाली असेल तर ती परत नेण्यासाठी कंपनीला कोर्टाचा आदेश किंवा तुमची संमती लागते.

चालू वर्षाच्या कौन्सिल टॅक्सचे अनेकांना कोडे पडते. आदेशापूर्वीच हप्ते चुकून पूर्ण वर्षाची रक्कम एकदम देय झाली असेल, तर ती सगळी दिवाळखोरीत जाते. हप्ते वेळेवर चालू असतील तर पुढचे हप्ते भरत राहा. नव्या वर्षाचे बिल तर सर्वस्वी नवे देणे. ते थकवले की बेलीफ पुन्हा येणार आणि तेव्हा आदेशाची प्रत दाखवून भागणार नाही.

प्रश्न : दिवाळखोरी माझी झाली, पण आता पत्नीच्या नावाने पत्रे येत आहेत. कौन्सिल टॅक्सवर दोघांचे नाव होते.

उत्तर : तुमची दिवाळखोरी तुमच्यापुरती. संयुक्त देण्यात दोघेही पूर्ण रकमेला बांधलेले असतात, निम्म्या निम्म्या नव्हे. कौन्सिल सगळी रक्कम पत्नीकडे मागू शकते आणि बेलीफ तिच्या वस्तूंसाठी येऊ शकतो. तुमचा आदेश दाखवून ही वसुली थांबणार नाही, आणि दाखवत बसलात तर बेलीफ येण्याआधी मिळणारा सात दिवसांच्या नोटिशीचा काळ फुकट जाईल. (हे सात पूर्ण दिवस असतात, रविवार आणि बँक हॉलिडे त्यांत धरत नाहीत.) त्या काळातच तिने कौन्सिलशी स्वतंत्र हप्ता ठरवावा.

तिच्याकडे घर नसेल आणि उत्पन्न तुटपुंजे असेल, तर तिने डेट रिलीफ ऑर्डरचा (दिवाळखोरीऐवजी देण्यांतून सोडवणाऱ्या आदेशाचा) विचार जरूर करावा. एकूण देणे ५०,००० पौंडांपर्यंत, महिन्याला उरणारी रक्कम ७५ पौंडांपर्यंत, मालमत्ता २,००० पौंडांपर्यंत आणि वेगळी धरलेली एक गाडी ४,००० पौंडांपर्यंत, अशा अटी आहेत. एप्रिल २०२४ पासून या ऑर्डरला फी नाही. देणे फक्त तुमच्या नावाचे असेल तर गोष्ट उलटी : बेलीफला केवळ पत्नीच्या मालकीची वस्तू नेता येत नाही. खरेदीची पावती, बँकेचे पान हाताशी ठेवा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दिवाळखोरीतून मुक्त झालो. आता कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचे पत्र आले आहे : जुने कार्डाचे देणे भरा, नाहीतर माणूस घरी पाठवू. हे देणे मी अर्जात लिहायलाही विसरलो होतो.

उत्तर : विसरल्याने बिघडत नाही. आदेशाच्या दिवशी ते देणे अस्तित्वात होते ना, मग यादीत असो वा नसो, ते दिवाळखोरीत गेले आणि मुक्तीबरोबर तुम्ही त्यातून सुटलात. मुक्ती साधारणपणे आदेशानंतर बारा महिन्यांनी आपोआप मिळते. बँका जुनी खाती गठ्ठ्याने विकतात. त्या गठ्ठ्यात दिवाळखोरीची नोंद नसलेली खाती राहून जातात. पत्र पाठवणारी कंपनी बेलीफ नाही. तिचा माणूस आला तरी त्याला पोस्टमनपेक्षा जास्त अधिकार नाही.

आदेशाची प्रत आणि मुक्तीची तारीख देऊन उत्तर पाठवा, खाते बंद करायला आणि क्रेडिट नोंद सुधारायला सांगा. थकबाकीची तारीख दिवाळखोरीच्या तारखेनंतरची दाखवलेली असेल तर ती मागे न्यायला लावा, नाहीतर सहा वर्षांनी पुसली जायची नोंद आणखी मागे लागते. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे तक्रार करा, ती मोफत आहे.

कोर्टाचे दावापत्र आले तर मात्र ‘चुकीचे आहे’ म्हणून टाकून देऊ नका. १४ दिवसांत उत्तर द्यायचे असते. दावा मिळाल्याची पोच भरली तर २८. बचाव एका ओळीचा आहे : देणे दिवाळखोरीतून मुक्तीने संपले. उत्तर न दिल्यास एकतर्फी निकाल लागतो, मग तो रद्द करायला एन २४४ (कोर्टाकडे विनंती करायचा फॉर्म) अर्ज आणि त्याची फी. आदेशाचा कागद जपून ठेवा, कारण मुक्तीनंतर तीन महिन्यांनी सरकारी दिवाळखोरी नोंदवहीतले तुमचे नाव निघून जाते आणि पुरावा तुमच्याकडेच उरतो.

प्रश्न : घरभाड्याच्या थकबाकीपायी काउंटी कोर्टाच्या बेलीफची घर सोडण्याची नोटीस आली आहे. दिवाळखोरीने ती थांबेल का?

उत्तर : नाही. आदेशापूर्वीचे थकलेले भाडे दिवाळखोरीत जाते, पण घराचा ताबा मागणे ही देण्याची वसुली नव्हे, असे अपील न्यायालयाने २०११ मध्येच ठरवले आहे. नोटिशीवरच्या तारखेआधी एन २४४ भरून ताबा स्थगित करायची विनंती करा. अर्जाबरोबर आत्ताचे भाडे नियमित भरत असल्याच्या पावत्या, घरखर्चाचा तक्ता आणि घरात मुले किंवा आजारी माणूस असल्यास त्याचा पुरावा जोडा. सुनावणीला स्वतः हजर राहा, आणि नोटीस मिळाल्याच्या दिवशीच कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाला बेघर होण्याची शक्यता कळवा.