‘दोन-दोन औषधं कशाले, ताई?’

जळगावात कॅन्सरच्या पेशंटांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलायला बसते, त्याला चौदा वर्षं झाली. गेल्या वर्षभरात एक प्रश्न इतक्यांदा ऐकला, की एकदा नीट लिहावं असं वाटलं. भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका बायकोसाठी विचारत होते, अमळनेरची शिक्षिका स्वतःसाठी, शिरपूरचा मुलगा आईसाठी. विचारणं एकच: ‘केमोबरोबर ते दुसरं महागाचं इंजेक्शनही द्यायचं म्हणतात. म्हणजे केस हाताबाहेर गेली का?’

यावल तालुक्यातल्या एका मावशींची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय 52, घरची केळीबाग. छातीतली गाठ लपवून ठेवली, दाखवली तोवर आजार हाडांत आणि लिव्हरमध्ये पोचला होता. रिपोर्टवर ‘हर-टू पॉझिटिव्ह’.

पहिल्या भेटीत सगळं मावशींचे यजमान, काकाच बोलत होते. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. मी काकांना चहा घेऊन यायला सांगितलं. दार लागल्याबरोबर मावशी पुढे सरकल्या.

“पॉझिटिव्ह म्हंजे ‘तो’ आजार ना, ताई? म्या तं तसं काही केलं नाही.”

अकरा दिवस त्यांनी आपला पेला वेगळा ठेवला होता. नातवाला मांडीवर घेतलं नव्हतं. घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, ‘हर-टू’ हे पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन आहे. ते पेशीला वाढायचा निरोप देतं. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या साधारण 15 ते 20 बायकांमध्ये ते फार जास्त असतं, म्हणून ‘पॉझिटिव्ह’. एचआयव्हीशी त्याचं नातं नाही, ते कुणाला लागतही नाही. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पोरगं रोज मांडीकडे यायचं, मी उठून जायची.”

डॉक्टर, नर्स, लॅबवाले, आपण सगळे हा शब्द दिवसातून वीसदा उच्चारतो. समोरच्याच्या घरी तो काय करतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या भेटीत तो प्रश्न आलाच. “दोन-दोन कशाले? एक औषध पुरत नाही, म्हणूनच ना?”

मी उलट विचारलं, “बागेत केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापता, तेव्हा नुसती कापून सोडता का?”

“छ्या. आठ दिवसांत परत वर येतात. मधोमध रॉकेलचा थेंब सोडावा लागतो.”

“कापलं तर आहे, मग थेंब कशाला?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “कोंब मरायला पाहिजे ना.”

केमो म्हणजे कापणी. भराभर वाढणाऱ्या पेशी ती मारते, त्यात केसांच्या मुळांतल्याही जातात, म्हणून केस गळतात. ते महागाचं इंजेक्शन म्हणजे ट्रास्टुझुमॅब. ही अँटिबॉडी, म्हणजे एका ठरावीक खुणेलाच चिकटणारं प्रथिन, त्या हर-टूवरच जाऊन बसते, वाढीचा निरोप अडवते आणि शरीराच्या सैनिकांना ती पेशी दाखवून देते. दोघींचं काम वेगळं, म्हणून दोघी एकत्र. 2001 साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात नुसत्या केमोवरच्या निम्म्या बायका 20.3 महिन्यांपेक्षा जास्त जगल्या, जोडीला ट्रास्टुझुमॅब दिल्यावर हा आकडा 25.1 झाला. पुढे केमो आणि ट्रास्टुझुमॅबच्या जोडीला पर्टुझुमॅब ही आणखी एक अँटिबॉडी दिली, तेव्हा तो 40.8 वरून 56.5 महिन्यांवर गेला. आकडा मधला असतो, निम्म्या बायका त्याच्याही पुढे गेलेल्या असतात, हे मी प्रत्येक वेळी सांगते. चौथ्या स्टेजला आजार मुळासकट जाईल असं मी कुणाला म्हणत नाही. पण जोडीने दिलेलं औषध म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हा अर्थ रिपोर्टमध्ये कुठेच नसतो. तो आपण चढवतो, आणि झोप उडते ती त्या अर्थाने. माझं सगळं काम या एका जागी चालतं.

आणखी एक. केमो बहुधा सहाएक डोसांनी थांबते आणि अँटिबॉडी दर 21 दिवसांनी चालू राहते. तेव्हाही लोक घाबरतात, ‘केमो बंद केली, म्हणजे सोडून दिलं.’ तसं नसतं, तसंच ठरलेलं असतं. ही अँटिबॉडी काही जणींच्या हृदयावर ताण आणते, म्हणून आधी आणि मग दर तीनेक महिन्यांनी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. तो चुकवू नका. धाप लागली, पाय सुजले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. केमो चालू असताना ताप आला तर रात्र असली तरी फोन करा. पैशांचं कोडं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सरकारी आरोग्य योजनेबद्दल आधी विचारा, सोनं मोडायला नंतर जा.

हे सगळं समजूनही मावशींचा चेहरा सुटला नव्हता. तिसऱ्या डोसानंतर मी विचारलं, “दोन औषधं म्हटल्यावर मनात पहिलं काय आलं होतं?”

“आखाजी.”

मी थांबले. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

“सुरतला दिलेली लेक आखाजीला येते. तिला स्टेज सांगितली नाही. वाटलं, येईल तवा मी नसेन.”

महिनाभर मी औषधांचं उत्तर देत होते आणि मावशी दिवस मोजत होत्या. तेव्हापासून मी आधी मनातलं पहिलं चित्र विचारते, औषध नंतर समजावते. त्या दिवशी मावशींनी माझ्यासमोरच लेकीला फोन लावला. “गाठ नाही, कॅन्सर हाये, हाडांत गेला हाये,” एवढं म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे लेक रडत होती, आणि इकडे मावशी मला खुणावत होत्या, सांगा तिला, थेंबाचं सांगा.

आखाजी पाचव्या डोसानंतर आली. पुढच्या तारखेला मावशी डोक्याला रुमाल बांधून आल्या. बोटांना मुंग्या येत होत्या, खापराची धग कळत नव्हती, म्हणून खापरावरचा पुरणाचा मांडा हातावर वाढवायला या वर्षी लेक बसली होती.

“पहिला मांडा फाटला तिचा,” मावशी म्हणाल्या. “तोच मी खाल्ला.”