सरप्लस पार्टची पिशवी आणि खाऱ्या हवेची सबब

प्रश्न : मी मालवणजवळच्या गावात राहतो. गणपतीच्या मखरासाठी पळत्या दिव्यांची सर्किट करायचा नाद आहे. दरवर्षी पाच-सहा जणांना पैसे घेऊन करूनही देतो. मुंबईतल्या एका दुकानाच्या वेबसाइटवरून २,४०० रुपयांना ‘नवीन, न वापरलेले सरप्लस पार्ट, ५ किलो, त्यात किमान १०० आयसी’ अशी पिशवी मागवली. रेझिस्टर, कपॅसिटर असले सर्किटचे साधे पार्ट ठीक निघाले. आयसी, म्हणजे चिप, मात्र बहुतेक जुन्या सर्किट बोर्डांवरून काढलेल्या. दुकानदार म्हणतो, वजन बरोबर आहे, सरप्लस माल परत घेत नाही, आणि आयसीचे धातूचे पाय गंजले ते तुमच्याकडच्या खाऱ्या हवेने. पिशवी येऊन तीन आठवडे झाले. मूठभर रेझिस्टर मी कुडाळच्या एका दुरुस्तीवाल्याला विकलेही. काय करता येईल?

उत्तर : आधी ते मूठभर रेझिस्टर. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होत नाही. मखरांचे पैसे घेता त्याची तेवढी काळजी नको. स्वतःच्या हातच्या कामावर पोट भरणाऱ्याला कायद्याने ग्राहकच धरलं आहे, आणि तुमचं तर मुख्यतः हौसेचं काम. पण पिशवी फोडून पार्ट विकणं म्हणजे किरकोळ का होईना, व्यापार. तेवढे पार्ट दाव्याबाहेर ठेवा, झालं ते लपवू नका आणि यापुढे एकही विकू नका.

आता मुख्य मुद्दा. मिश्र पिशवीत कुठल्या नंबरची आयसी निघेल हा जुगार तुम्ही स्वखुशीने खेळलात. हव्या त्या नंबरच्या निघाल्या नाहीत, अशी तक्रार असती तर मी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं असतं. पण ‘नवीन, न वापरलेले’ हे शब्द दुकानदाराचे आहेत. सरप्लस म्हणजे कारखान्यात उरलेला माल. बोर्डावरून उपटलेला नव्हे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, असं माल विक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं. कलम ३७ तर तुमच्या पिशवीसाठीच लिहिल्यासारखं आहे : ठरलेल्या मालात भलताच माल मिसळून आला, तर ठरलेला ठेवून बाकीचा नाकारता येतो. जुना माल नवा म्हणून विकणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथाही आहे. राहिलं वजन. वजन बरोबर भरलं म्हणून सौदा पुरा होतो तो भंगारात.

खाऱ्या हवेचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे खिळे गंजतात, तर आयसीच्या पायांचं काय! म्हणून गंजाबद्दल अवाक्षर काढू नका. सोल्डरचे, म्हणजे पार्ट बोर्डाला जोडताना वितळवतात त्या धातूचे, थेंब आणि कापलेले पाय दाखवा. समुद्राची हवा पाय कापत नाही.

भिंग लावून जवळून फोटो काढा, नव्या आणि वापरलेल्या आयसी वेगळ्या करून मोजा, जाहिरातीचं पान आणि पैसे भरल्याची नोंद जपून ठेवा. आयसी प्रयोगशाळेत तपासायच्या फंदात पडू नका. तपासणीचा खर्च पिशवीच्या किमतीला मागे टाकेल, आणि डोळ्यांना दिसतं त्याला प्रयोगशाळा कशाला?

मग याच आठवड्यात ईमेल आणि स्पीड पोस्टने कळवा की अमुक इतक्या आयसी मी नाकारत आहे. घाई एवढ्यासाठी की वाजवी मुदतीत नाकारलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात. आयसी स्वखर्चाने परत पाठवायला तुम्ही बांधील नाही. नाकारल्याचं कळवणं पुरतं. ‘परत घेत नाही’ या पाटीचंही दडपण नको. जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

पूर्ण २,४०० रुपये मात्र मागू नका. रेझिस्टर वापरलेत, विकलेत. तो हट्ट अंगाशी येईल. तेवढ्या नव्या आयसी किंवा त्यांची किंमत मागा. दाद लागली नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ दुकानदार तिथेच नरमतात. नाहीच जमलं तर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुकान मुंबईत असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

मखरं अडवून ठेवू नका. लागतील तेवढ्या नव्या आयसी दुसरीकडून पक्कं बिल घेऊन आणा. भरपाई किती मागायची ते त्या बिलावरूनच ठरेल.